बरं झाल्याची लाज

सिहामने काखेत हात घालून मला वर ओढलं तेव्हा माझं कपाळ जमिनीला टेकलेलं होतं, आणि मी पडले नव्हते. चांगली शुद्धीवर होते, दुपारची नमाज पढत होते, दाराला कडी लावून सजद्यात गेले होते. कडी नीट लागली नव्हती, एवढंच. आमच्या सला शहराला समुद्राची हवा. हिवाळ्यात दारं फुगतात आणि कडी खाचेत न बसता नुसती टेकून राहते. सिहाम, माझी सून, वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आत आली आणि तिनं काय पाहिलं? नऊ वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढणारी आपली सासू खुर्चीपासून दोन हातांच्या अंतरावर पालथी पडलीय. "या रब्बी! लल्ला पडल्या!" मला ती मानानं लल्ला म्हणते. टोपली तिथंच टाकून ती धावली आणि माझा हा एवढा देह तिनं एका झटक्यात उचलला. उचलताना तिच्या कमरेत काहीतरी झालं. तिचा श्वास माझ्या मानेवर मध्येच तुटला, त्यावरून मला कळलं. मग ती हळू, फार हळू, भिंतीला धरून माझ्या शेजारी खाली बसली. मी एकच वाक्य बोलायला हवं होतं: पडले नाही गं, सजदा करत होते. त्याऐवजी मी कण्हले.

त्या कण्हण्याचं मी काय करू? नऊ वर्षं मी खरं कण्हत आले. रात्री कूस बदलताना, ट्राममध्ये चढताना, मांडी घालून बसलेल्या बायकांकडे उभ्यानं बघताना. खोटं कधी कण्हले नव्हते, त्यामुळे खोटं कण्हणं वेगळं वाटत असेल, ऐकणाऱ्याला लगेच कळत असेल असा माझा समज होता. तर ते अगदी तसंच निघालं. तोच सूर, तीच लांबी, शेवटी तीच "आह". माझं मलाच ते ऐकून घाबरायला झालं. मग आधीची सगळी कशी होती, असं कुणी विचारलं तर? कुणी कशाला, मीच विचारलं. सिहाम कमरेवर हात दाबून, घामानं ओली होऊन मला म्हणत होती, "हलू नका, लल्ला, हाड मोडलं असेल." आणि मी, मौलाय अहमदची विधवा तामो, जिच्यापुढं मासळीवाला वजनकाटा दोनदा पुसतो, सिहामच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिले.

शेजारची खद्दूज आवाज ऐकून गच्चीवरून उतरून आली. दोघींनी मिळून मला पलंगावर ठेवलं, म्हणजे खद्दूजनं ठेवलं. सिहामला हात वर होईना. "कुणाची नजर लागली गं या घराला?" खद्दूज म्हणाली. "तुझीच," मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला एवढा वेळ आहे?" पडल्यावरही माझी जीभ जागेवर आहे म्हणून ती खूश झाली. मग तिचं लक्ष सिहामकडे गेलं. सिहाम चौकटीला टेकून वाकडी उभी होती, एक खांदा वर, एक खाली. "आणि तुला काय झालं? सासू पडली म्हणून सुनेनंही आडवं व्हायचं? छान चाललंय." "अगं तामो, तूच म्हणाली होतीस ना हिचं," खद्दूज माझ्या पायांवर गोधडी ओढत हसली, "की पाठीत काही नाही, सगळं डोक्यात आहे." मी डोळे मिटून घेतले. दुखतंय म्हणून मिटले, असं त्या दोघींना वाटलं असेल.

म्हणाले होते. बायकांच्या हमामखान्यात, सार्वजनिक न्हाणीत, म्हणाले होते, आणि हळू नव्हते म्हणाले. दुसऱ्या मुलीच्या वेळचं सिहामचं बाळंतपण होऊन वर्ष झालं होतं आणि तिची कमर धरलेली होती. गुरुवारची गर्दी, गरम खोलीत वाफ अशी की समोरच्या बाईचा चेहरा दिसू नये, नुसते आवाज. सिहाम माझी पाठ घासत होती, घासता घासता थांबली आणि म्हणाली, "लल्ला, जरा बसते, माझी पाठ भरून आलीय." मला वाटलं ही माझी नक्कल करतेय. खरंच तसं वाटलं. घरात पाठीचं दुखणं माझं होतं, माझ्या लग्नातल्या पाटल्यांसारखं माझं. ते सुनेनं घालून मिरवायचं? मी वाफेतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तिशीत कसली पाठ गं? दोन पोरी काढल्या म्हणजे काय डोंगर उचलला? पाठीत काही नाही तुझ्या, सगळं डोक्यात आहे. तिथं ओत जरा थंड पाणी." बायका हसल्या. आमच्या हमामखान्यात हसू घुमटाला लागून परत खाली येतं, त्यामुळे एकदा हसलेलं दोनदा ऐकू येतं. सिहाम उठली आणि माझी पाठ घासायला लागली. त्यानंतर तिनं पाठीचं नाव काढलं नाही. चार वर्षं झाली. मी ते माझा विजय म्हणून धरून बसले होते.

आणि मग ह्या वर्षी हाडांच्या डॉक्टरनं माझ्या पाठीचे फोटो दिव्यावर धरून पाहिले आणि मला रबातला, नदीपलीकडे, एका बाईकडे धाडलं. आठ वेळा जायचं, आठवड्यातून दोनदा. गोळी नाही, सुई नाही, चोळणं नाही. एक खोली, दोन खुर्च्या, आणि माझ्या धाकट्या भाचीएवढी एक पोरगी, इब्तिसाम नावाची. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की हे मन आणि मेंदूचं काम आहे. मी पिशवी उचलली. "तू मला वेडी म्हणतेस का गं?"

"नाही, हाज्जा. तुमचं दुखणं खरं आहे, कणभरही खोटं नाही. फक्त तुमच्या पाठीला आता काही इजा नाही."

"मग दुखतंय काय? शेजारणीची पाठ?"

ती हसली, पण वाईट हसली नाही. म्हणाली, घरात एकदा चोर शिरला. कुत्रा भुंकला, बरोबर केलं. चोर केव्हाच गेला, पण कुत्रा भुंकायचा थांबेना. आता पान हललं तरी भुंकतो. तुमचा मेंदू तसं करतोय. भुंकणं खरं आहे, तुम्हाला झोप लागत नाही हे खरं आहे. चोर मात्र नाही. मी म्हटलं, "आमच्या घरात कुत्रा ठेवत नाहीत." पण पिशवी खाली ठेवली. "सगळं डोक्यात आहे" असं ती म्हणत नव्हती. माझेच शब्द घेऊन ती दुसरंच काहीतरी सांगत होती, आणि त्या दोहोंत जो फरक होता तेवढी जागा मी सिहामला कधी दिली नव्हती. हे मला तेव्हाच कळलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा मला एवढंच कळलं की कान तापलेत.

चोर कधी शिरला, असं तिनं विचारलं. जिलालीच्या, माझ्या मुलाच्या, लग्नाआधी आठ दिवस. दिवाणखान्याच्या गाद्यांची लोकर काढून धुवायची होती. नवी सून येणार, बाया येऊन गाद्यांना हात लावून बघणार. ओली लोकर मेलेल्या मेंढीपेक्षा जड. मी दोन टोपल्या एकटीनं गच्चीवर नेल्या, कारण दुसऱ्या कुणी नेल्या तर तशा धुतल्या जात नाहीत. तिसरीला वाकले आणि कमरेत चमक भरली ती अशी की मी चार पायांवर जिना उतरले. सहा आठवड्यांत बरं होतं म्हणे असलं. पण सहा आठवड्यांत घरात सिहाम आली होती. तिनं कणीक मळली, तिनं बादल्या उचलल्या, तिनं माझे मोजे चढवले. इब्तिसामनं विचारलं, "कमी कधी दुखतं?" मी म्हटलं, कधीच नाही. ती गप्प राहिली. तिची ती गप्प राहण्याची खोड मला फार राग आणायची. तिसऱ्या वेळी मीच बोलले: बहिणीकडे मेक्नेसला गेले की दुखत नाही. तिथं सून नाही. बोलून गेले आणि जीभ चावली. ती म्हणाली, "तुम्ही ते मुद्दाम केलेलं नाही, हाज्जा." मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. मुद्दाम केलेल्याची माफी मागता येते.

ती मला डोळे मिटायला लावायची आणि म्हणायची, दुखतंय तिकडे नुसतं बघा. त्याला हाकलू नका, त्याला भिऊ नका. गरम आहे की गार? रुंद की अरुंद? सरकतंय का? मी म्हणायचे, नाण्याएवढं आहे, आता ताटाएवढं झालं, आता डावीकडे गेलं. पोरखेळ. पाचव्या खेपेनंतर ट्राममधून पुलावरून परत येताना मी कमरेत ते शोधलं आणि सापडलं नाही. दात पडल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा तिथं जाते तशी मी आतल्या आत तिथं जात राहिले. समोर सिहाम दांडीला धरून उभी होती. बसायची एकच जागा होती, ती मला मिळाली होती. प्रत्येक खेपेला ती माझ्याबरोबर यायची आणि मी आत असेपर्यंत बाहेरच्या लाकडी बाकावर तासभर बसायची. मी बाहेर आले की ती बाकाच्या कडेला हात टेकून, दोन टप्प्यांत उठायची. मी ते आठही वेळा पाहिलं आणि आठही वेळा म्हटलं, "चल लवकर."

घरी मी काय सांगितलं होतं? की तिथं एक यंत्र आहे, निळ्या उजेडाचं, ते पाठीवर फिरवतात. जिलालीनं विचारलं, "चटका बसतो का?" म्हटलं, "किंचित." डोक्याच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगू? मी? आणि महिना होत आला, आठ खेपा संपल्या, कमर अधूनमधून कुरकुरली तर कुरकुरते, नाहीतर चालते बोलते. पण बरी झाले हे मी कुणाला सांगितलं नाही. दोन गप्पांनी बरं झालं, असं म्हटलं की लोक विचारणार, मग होतं तरी काय? नऊ वर्षं एका बाईनं काय उचललं नाही? रोज म्हटलं, उद्या सांगेन, हळूहळू सांगेन, यंत्राचा गुण आला म्हणेन. दिवसा सगळ्यांसमोर खुर्चीवर बसून नमाज पढत राहिले. पण ज्याला वाकता येतं त्याची खुर्चीवरची नमाज धरली जात नाही, एवढं मलाही कळतं; शाळेत गेले नाही म्हणून काय झालं. मग सगळी गेली की मी कडी लावायचे आणि तीच नमाज पुन्हा खाली, कपाळ टेकून. माणसांसाठी एक आणि अल्लासाठी एक. कपाळ टेकल्यावर पाठ अशी मोकळी व्हायची, पिठाच्या गोळ्यासारखी पसरायची, की मला सुख व्हायचं, आणि त्या सुखाचीच एवढी लाज वाटायची की मी लवकर उठायचे. नवरा मेला तेव्हा चार बायकांसमोर मी ओरडून रडले होते, त्याचीही मला लाज वाटली नव्हती.

खद्दूज गेली; शाळेतून सुटल्यावर पोरींना ती आपल्याकडेच नेणार होती. घर शांत झालं. पलीकडच्या खोलीतून सिहामचा आवाज येईना, आणि आवाज न करण्याची तिची ही पद्धत मला त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आली. मी उठले. चपला न घालता गेले. ती गालिच्यावर कुशीवर पडलेली होती, गुडघे पोटाशी. मला उभी बघून उठायला गेली.

"पडून राहा."

"लल्ला, तुम्ही कशा चालताय? डॉक्टर—"

"मी पडले नव्हते," मी म्हटलं. "सजद्यात होते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल, म्हणजे मला तिच्यावर ओरडता येईल. मग मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: महिना झाला, दुखत नाही, यंत्र नव्हतं, ती पोरगी नुसती बोलते. "ती डोक्याची—" असं म्हणता म्हणता मी पायानं गालिच्याची कड सरळ करू लागले.

"ते माहीत आहे मला," सिहाम म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"दारावर लिहिलेलं आहे, लल्ला. मोठ्या अक्षरांत. मी त्याच्यासमोरच बसते."

मला त्या दारावरची पाटी आठवली. पितळी, चकचकीत. मी तिच्यात आपला रुमाल नीट करत असे. आठ वेळा. आणि ही पोर घरी येऊन नवऱ्यासमोर माझं निळ्या उजेडाचं यंत्र ऐकून घ्यायची आणि सूप वाढायची. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्हाला आवडलं नसतं." मग म्हणाली, "बऱ्या झाल्यात हे मात्र माहीत नव्हतं. ते कळलं असतं तर उचललं नसतं." हे ती रागानं बोलली नाही. हिशेब चुकला की माणूस जसं बोलतं तसं.

मी खाली बसले. तिच्यासमोर जमिनीवर बसायची ही पहिलीच वेळ, आणि तिनं ते पाहिलं. माझे गुडघे वाकले, पाठ वाकली, सगळं तिनं डोळ्यांनी मोजलं. मी म्हटलं, "आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवू. मग त्यानं हो म्हटलं तर तू जा तिच्याकडे. मी बाकावर बसेन."

"आणि घरी काय सांगू? कसलं यंत्र?"

ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, कारण तिनं तोंड उशीत घातलं होतं. मग उशीतूनच म्हणाली, "ह्यांना सांगू नका, लल्ला. तुमच्यापुढं हात जोडते. डोक्याची बाई म्हटलं की झालंच. एवीतेवी ते मला तेच म्हणतात. मग माझं कुणीच खरं मानणार नाही." काय म्हणतात, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि ते त्याच्या तोंडात कुणी घातलं तेही. हमामखान्यात पुरुष येत नाहीत. तिथलं बोलणं घरी मीच आणलं होतं, जेवताना, गंमत म्हणून. चार वर्षं तो ते वापरतोय, मीठ वापरावं तसं, न बघता. हमामातल्या बायका तरी एकदाच हसल्या.

जिलाली दिवस मावळायच्या आत आला. कुंभारांच्या वसाहतीत भट्टीवर काम करतो, केसांत नेहमी माती. खद्दूजनं त्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठलं असणार, कारण तो "यम्मा, यम्मा" करत आत आला, माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, पाय चाचपले, उद्या फोटो काढू म्हणाला. मी पलंगावर परत येऊन बसले होते. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि शेगडी पेटेना. "सिहाम! गॅस संपलाय. जेवायचं काय आहे?" आतून तिनं सांगितलं की तिला उठता येत नाहीये. तो दोन खोल्यांच्या मध्ये उभा राहिला. थकलेला होता, वाईट नव्हता. हे मी त्याची आई म्हणून म्हणत नाही. "आज?" तो म्हणाला. "आजच? माझी आई पडलीय, म्हातारी बाई, आणि आजच तुला पाठ आठवली? ऊठ जरा, चार पावलं चाल. तुझ्या पाठीत काही नाही, सिहाम, सगळं डोक्यात—"

"जिलाली," मी म्हटलं.

तो वळला. आतल्या खोलीत सिहाम उठायचा प्रयत्न करत होती. तिच्या तळव्याचा गालिच्यावर घासल्याचा आवाज येत होता, पुन्हा आणि पुन्हा. मी पलंगावरून उतरले आणि त्याच्यासमोर सरळ उभी राहिले.

"मी पडले नव्हते. माझी पाठ बरी आहे. महिना झाला. मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं, खुर्चीवर बसून. ती मला पडलेली समजून उचलायला आली आणि तिची पाठ मोडली. दुखतंय ते तिचं. माझं नाही."

त्याचं तोंड उघडं राहिलं. लहानपणी ताप आला की तो असाच बघायचा. मग मी त्याला विचार करताना पाहिलं, मागं जाताना, एकेक वर्ष मागं; कोणत्या ईदला मी उठले नाही, कोणत्या रात्री त्यानं मला उचलून संडासात नेलं. "मग," तो हळूच म्हणाला, "नऊ वर्षं, यम्मा? ती पण?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. नाही रे, ती खरी होती. रबातच्या त्या पोरीनं सांगितलंय, दुखणं खरं असतं, कणभरही खोटं नसतं, कुत्रा भुंकतो. पण ते सांगायला घेतलं की मेंदू आला, डोक्याची बाई आली, आणि पुढच्या क्षणी त्यानं तेच उचलून आतल्या खोलीत नेलं असतं: तुझंही तसंच तर, सिहाम. आतला घासल्याचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती. माझं खरं आणि तिचं खरं, दोन्ही एकदम त्याच्या डोक्यात मावणार नव्हती. निदान आज नाही. मी नऊ वर्षांकडे शेवटचं पाहिलं. लोकरीपासून मेक्नेसपर्यंत, सगळ्या रात्री. माझ्या आयुष्यात मी काही खरं सोसलं असेल तर ते तेवढंच.

"काय समजायचं ते समज," मी म्हटलं. "पण तिला पुन्हा तो शब्द बोललास तर ह्या घरात माझ्या हातचं पाणी पिऊ नकोस. तो शब्द माझा होता. मी तो परत घेतला."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्या बघण्यात राग असता तर मी पुरून उरले असते. तो नुसता एक पाऊल मागं सरकला, अनोळखी बाईला वाट देतात तसा. मी त्याच्या बाजूनं गेले, जिन्याखाली ठेवलेला भरलेला सिलिंडर तिरका केला आणि कडेवर गोल फिरवत स्वयंपाकघराकडे नेऊ लागले. तो मदतीला आला नाही. मला वाटतं, मी खरंच नेते का ते त्याला बघायचं होतं.

उंबऱ्याशी कळ आली. जुनी, ओळखीची, डावीकडून निघून मांडीत उतरणारी. डोळ्यांपुढं क्षणभर काही दिसेना. मी सिलिंडरवर दोन्ही हात टेकून तशीच वाकून थांबले. मागं मुलगा उभा होता. माझ्या घशात ती "आह" तयार होऊन आली, पूर्ण लांबीची, आणि ह्या खेपेला ती खरी होती. मी ती गिळली. गरम आहे, रुंद आहे, सरकतंय, एवढं बघत राहिले.

"लल्ला?" आतून सिहामनं हाक मारली. "काही झालं का?"

"काही नाही," मी म्हटलं. नऊ वर्षांत दुखत असताना हे दोन शब्द मी पहिल्यांदा बोलले, आणि उंबरा ओलांडला.